गॅरेजमधली चटई

शनिवार, जूनचा तिसरा आठवडा, म्हणजे इथला ऐन हिवाळा, दुपारच्या चहाच्या आधी. ठिकाण – ऑकलंडमधलं फ्लॅट बुश, निखिलचं घर. हजर – निखिल, त्याची आई उषाकाकू, मी. आणि गौरी, निखिलची बायको – गॅरेजमध्ये, बंद दारापलीकडे.

तिला हजर धरायचं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सगळं बोलणं तिच्याबद्दल चाललं होतं आणि दार पातळ होतं.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मिलिंदला नाही – माझ्या नवऱ्याला, ज्याला मी दुधाची तारीख उलटली तरी हाक मारून सांगते. ईशाला, माझ्या मुलीला, तर नाहीच नाही. तुला सांगते आहे. का? तुझा चेहरा मला दिसत नाही म्हणून असेल. असो.

आधी मी कशी आहे ते सांगते. मी कामं उरकणारी बाई आहे. ऑकलंडमध्ये येऊन वीसेक वर्षं झाली. इंजिनिअरिंगच्या कंपनीत मी प्रोजेक्टांची वेळापत्रकं सांभाळते आणि उरलेल्या वेळात आमच्या मराठी मंडळातल्या सगळ्यांची. गणपतीला मोदक कोण आणणार, कुणाचे आईवडील कुठल्या विमानाने येणार, नव्या जोडप्याला कुणाचा जुना सोफा द्यायचा – याद्या माझ्याकडे असतात. माझ्या डब्यांवर लेबलं असतात, फ्रीजरमधल्या पिशव्यांवरसुद्धा. लोक हसतात, आणि अडलं की मलाच फोन करतात.

निखिलनेही असाच फोन केला होता.

निखिल माझा कोण, हे कसं सांगू? पुण्याहून एक सूटकेस घेऊन आला तेव्हा त्याला विमानतळावरून मी आणलं. सुरुवातीला तो आमच्याकडेच राहिला. मोटरवेवर गाडी घालायला मी शिकवलं. दर भाऊबीजेला मी त्याला ओवाळत होते. गुणी मुलगा – आयटीत चांगली नोकरी, जेवून उठला की स्वतःचं ताट स्वतः धुणार, आवाज चढवून बोलताना मी त्याला कधी ऐकलं नाही. हे सगळं खरं आहे. आजही खरं आहे. त्याचंच तर मला काय करायचं ते कळत नाही.

लग्न करून त्याने गौरीला आणलं. सांगलीची, फार्मसी शिकलेली, मोठ्याने हसणारी मुलगी. वर्षभराने उषाकाकू आल्या, सहा महिन्यांच्या व्हिसावर. आणि तीनेक महिन्यांत निखिलचा फोन.

"ताई, आता तुम्हीच काहीतरी करा. आईने घरात शिवाशिव सुरू केलीये. गौरीला महिन्याच्या दिवसांत चक्क गॅरेजमध्ये बसवते, झोपतेही तिथेच ती. न्यूझीलंडमध्ये, ताई! ऑफिसात कुणाला कळलं तर मी तोंड कुठे लपवू? माझं ती ऐकत नाही. तुमचं ऐकेल."

मी पेटलेच. ज्या गोष्टी मागे टाकून आपण इतक्या लांब आलो, त्या काय पार्सलने मागवायच्या? माझी मावशी दर महिन्याला कोपऱ्यात बसलेली मी लहानपणी पाहिली होती. आमच्या पिढीने हे मोडलं, याचा मला अभिमान आहे. मी निखिलला म्हणाले, शनिवारी येते, तोवर मी मुद्दे काढून ठेवते.

मुद्दे मी खरंच काढले होते.

पण त्याआधी दोन-तीन गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर घडून गेल्या होत्या, त्या सांगायला हव्यात. तेव्हा मला त्या नुसत्या विचित्र वाटल्या होत्या.

पहिली – ते गॅरेज. मी एकदा काकूंना मेथी द्यायला गेले होते. गॅरेज दोन गाड्यांचं, खाली करड्या रंगाचं कार्पेट. एका बाजूला गाडी, दुसरी बाजू मोकळी. त्या मोकळ्या बाजूला, अगदी कोपऱ्यात, एक प्लास्टिकची निळी-लाल चटई. शेजारी स्टीलचं ताट, पेला, घडी घातलेलं ब्लँकेट, छोटा हीटर. आणि भिंतीला पाठ लावून, घरात जाणाऱ्या दाराकडे तोंड करून बसलेली गौरी. मला वाटलं, ही रडत असेल. ती रडत नव्हती. तिचा चेहरा सुटीवर आलेल्या माणसासारखा होता. मोकळा. मला पाहून म्हणाली, "या ताई, बसा. पण लांब बसा हं, नाहीतर आंघोळ करावी लागेल." आणि हसली. त्या थंड गॅरेजमध्ये ते हसणं मला सोसेना. मी मेथी गाडीच्या टपावर ठेवली आणि निघून आले.

दुसरी – निखिलचे कुणी लांबचे चुलते पुण्यात गेले. मी भेटायला गेले तर काकू डोळे पुसत होत्या, निखिल फोनवर होता, आणि गौरी ओट्यापाशी कांदा चिरत गुणगुणत होती. माझ्यासमोर तिने सासूला विचारलं, "आई, सुतक किती दिवस पाळायचं आपण?" काकूंनी तिच्याकडे नीट पाहिलं. म्हणाल्या, "दहा. पूर्ण दहा. सगळं वेगळं." गौरीने मान खाली घातली. पण मी बाजूलाच उभी होते, मला दिसलं – तिचे ओठ हसू दाबत होते.

त्यानंतर मंडळाच्या जेवणात मी तिला निखिलला विचारताना ऐकलं – तुझ्या त्या कोल्हापूरच्या आत्यांचं आता कसं आहे? आणि नागपूरचे काका? त्यांना मध्ये ऍडमिट केलं होतं ना? इतक्या आपुलकीने विचारत होती की शेजारच्या बायका म्हणाल्या, बघा, सासरच्यांची किती काळजी. माझ्या मात्र मानेवर काटा आला. का आला, ते मी तेव्हा शोधलं नाही. शोधायचं नव्हतं.

मी हे आजवर स्वतःला जसं सांगत आले, ते असं – मला काही माहीत नव्हतं. मी एक जुनी रूढी मोडायला गेले आणि अजाणता भलतंच झालं. ऐकायला बरं वाटतं ना? त्यात मी थोडी मूर्ख ठरते, पण वाईट ठरत नाही.

तसं झालेलं नाही.

शनिवारच्या आधीचा बुधवार. गौरीला शहरात एका औषधांच्या दुकानात मुलाखत होती. मी ऑफिसला निघाले होते, तिला गाडीतून घेतलं. तिचे ते बाजूला बसायचे दिवस चालू होते, म्हणजे घरात तसं समजत होते. मोटरवेवर नेहमीसारखी गर्दी. समोर बघत बोलता येतं, एकमेकींचा चेहरा बघावा लागत नाही, म्हणून असेल – ती बोलली.

"ताई, मी ऐकलंय तुम्ही शनिवारी येणार आहात. चटईबद्दल बोलायला."

मी म्हणाले, हो, तू अजिबात काळजी करू नकोस, काकूंना मी नीट समजावते.

"नका येऊ," ती म्हणाली. "प्लीज. मला ती चटई हवीये."

मग तिने सांगितलं. सलग नाही. तुकड्यातुकड्यांनी, एकेक एक्झिट मागे पडत होता तसं. पाळी सोमवारीच संपली होती. पण काकू म्हणाल्या होत्या, आमच्याकडे सात दिवस पाळतात. आधी त्या चार म्हणाल्या होत्या, मग पाच. त्यांनी काही विचारलं नव्हतं, तिने काही सांगितलं नव्हतं. एका सकाळी त्या तिच्या मनगटावरच्या खुणेकडे बघत राहिल्या, आणि दुपारी इंडियन दुकानातून चटई घेऊन आल्या.

"आईंच्या सोवळ्यापुढे निखिलचं काही चालत नाही. ते दिवस तो हात लावत नाही. बाकीच्या दिवशी मी नको म्हटलं तर त्याला ते ऐकूच जात नाही. मारत नाही हो, शिव्या नाही. नुसतं ऐकूच जात नाही. रडले, ढकललं, सगळं करून झालं. आता मी काहीच म्हणत नाही. नुसती पडून राहते. छतावर स्मोक अलार्म आहे ना, त्याचा तो बारीक लाल दिवा मधूनमधून लुकलुकतो. तो पुन्हा कधी लुकलुकेल त्याची वाट बघते. परवा तो म्हणाला – बघ, आता तुझीही काही तक्रार नसते."

मला इतकं स्वच्छ सांगितलं गेलं होतं. आता अजाणतेपण कुठून आणू?

मी इंडिकेटर दिला. लेन बदलली. आणि म्हणाले – मी काय म्हणाले ते शब्दाला शब्द आठवतं – "सुरुवातीला होतं गं असं. दोघांनी बसून बोला मोकळेपणी."

तिने पर्समधून कंगवा काढला आणि आरशात न बघता केस विंचरले. उतरताना म्हणाली, "शनिवारी येऊ नका, ताई."

मला कायदा माहीत नव्हता असंही नाही. नव्याने आलेल्यांसाठी मंडळात आम्ही माहितीचा कार्यक्रम करायचो, त्याची मराठी मीच लिहायचे. कचऱ्याचे कुठले डबे कधी बाहेर ठेवायचे, समुद्रावर कुठल्या झेंड्यांच्या मध्ये पोहायचं, आणि त्या दोन्हींच्या मधे एक पान – लग्न म्हणजे परवानगी नव्हे; नवरा असला तरी बायकोच्या मर्जीविरुद्ध केलं तर या देशात तो बलात्कारच. माझंच वाक्य. ठळक अक्षरात. ते पान आलं की हॉलमध्ये थोडी खुसखुस व्हायची आणि मी पटकन पुढच्या पानावर जायचे, कारण चहा गार होत असायचा.

म्हणजे मला माहीत होतं. फक्त ते पान निखिलबद्दल असू शकतं, हे मला माहीत करून घ्यायचं नव्हतं. तो शब्द ऐकला की माझ्यासमोर एखादी गल्ली यायची, अंधार, कुणी अनोळखी. ताट धुऊन ठेवणारा मुलगा नाही यायचा. ज्याला मी ओवाळते तो नाही यायचा. तुझ्यासमोर कोण येतं?

आणि शिवाशिवीचं माझ्याकडे उत्तर तयार होतं. त्यावर मुद्दे काढता येत होते. गाडीत ऐकलेल्या गोष्टीवर मुद्दे काढता येत नव्हते. मग मी काय केलं असेल? जे येत होतं ते केलं.

शनिवारी मी गेले.

निखिलने दार उघडलं, माझा कोट घेतला. काकू सोफ्याच्या टोकाला बसल्या होत्या, हातात वाती. हीट पंप चालू होता, तरी त्या घरात कुठून तरी गार हवा येत होती, पायाशी. मी बोलायला लागले. चांगलं बोलले मी. शरीरधर्म, आरोग्य, मुलीचा आत्मसन्मान. निखिल मान डोलावत होता. काकू वाती वळत होत्या. मध्ये एकदाच म्हणाल्या, "राहू दे ना गं, शुभा. कुणाचं काय अडतंय? चार दिवस पोरगी पडते निवांत."

निवांत. हा शब्द त्यांनी माझ्याकडे बघून उच्चारला. त्या मला खूण करत होत्या. मला ती कळली. इथे तू म्हणशील, तेव्हा तरी. तेव्हा तरी थांबायचं.

मला हरायचं नव्हतं. निखिल बघत होता. मी शेवटचा मुद्दा टाकला. "काकू, तुमचं शास्त्र जरी धरलं, तरी हिचे दिवस सोमवारीच संपलेत. तिनेच मला सांगितलंय. मग आज ती गॅरेजमध्ये काय करतेय?"

वाती वळणारे हात थांबले. निखिलने मान वळवून गॅरेजच्या दाराकडे पाहिलं. दाराखालच्या फटीत उजेड होता. त्या उजेडात मधोमध सावलीचे दोन तुकडे होते. पावलं. ती दाराला लागून उभी होती.

"असं का," निखिल म्हणाला. हळू, नेहमीच्या आवाजात. "बरं झालं ताई, तुम्ही सांगितलंत."

मग सगळं फार व्यवस्थित झालं. निखिलने दार उघडलं. गौरी आत आली, हात धुतले, चहा टाकला. मला कप देताना म्हणाली, "साखर कमी घातलीये, ताई. तुम्हाला लागते तशी." त्या आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं. फोन लावल्यावर पलीकडून रेकॉर्ड केलेला आवाज येतो, तसा. आम्ही चौघांनी चहा घेतला. निखिलने बिस्किटांचा डबा पुढे केला. मी एक घेतलं.

निघताना काकू माझ्यामागे दारापर्यंत आल्या. त्यांच्या हातात गुंडाळलेली चटई होती. "ही तू घेऊन जा," म्हणाल्या. "तुझ्याकडे ठेव. लागली तर तुझ्याकडे तरी असू दे." मी ती गाडीच्या डिकीत टाकली. त्यांना काय म्हणायचं होतं, तेही मला कळलं होतं. माझ्याकडे चार बेडरूमचं घर होतं. मी गौरीला एकदाही म्हणाले नाही, ये, आमच्याकडे राहा.

महिन्याभरात काकू पुण्याला परतल्या. निखिल म्हणाला, आईला इथली थंडी सोसवेना.

पुढच्या महिला दिनाला मंडळात मी भाषण केलं. नावं न घेता सांगितलं – एका घरात मुलीला गॅरेजमध्ये बसवत होते, मी जाऊन ते बंद केलं. टाळ्या पडल्या. गौरी तिसऱ्या रांगेत होती. तीही टाळ्या वाजवत होती. सगळ्यांच्या थांबल्या तरी तिच्या थांबल्या नाहीत. एकसारख्या, सावकाश, माझ्याकडे बघत. शेजारच्या बाईने तिच्या हातावर हात ठेवला तेव्हा थांबल्या.

त्यानंतरच्या हिवाळ्यात ती गेली. नोकरीवर म्हणून निघाली आणि क्राइस्टचर्चला पोचली, रिकार्टनला, तिच्या कॉलेजच्या मैत्रिणीकडे. आमच्यात चर्चा झाली ती नेहमीची. निखिल बिचारा. मुलगी आधीपासूनच जरा विचित्र होती – आठवतं ना, गॅरेजमध्ये बसायची? मी तिथे होते. मी म्हणाले, हो, आठवतं.

आता मुख्य गोष्ट. इतका वेळ मी हिच्याभोवती फिरते आहे.

काही दिवसांनी मला ऑफिसात पोलिसांचा फोन आला. एक बाई होती. आधी किया ओरा, म्हणजे इथला नमस्कार, म्हणाली, मग अगदी सौम्यपणे बोलायला लागली. मी काचेच्या मीटिंग रूममध्ये जाऊन उभी राहिले. ती म्हणाली, गौरीने तक्रार केली आहे, नवऱ्याविरुद्ध. त्या काळात आपण एका व्यक्तीला हे सांगितलं होतं, असं तिने म्हटलं आहे. गाडीत. ती व्यक्ती तुम्ही. तिने तुम्हाला असं काही सांगितलं होतं का?

मी म्हणाले, "नाही."

तिने पुन्हा विचारलं, वेगळ्या शब्दांत – कधीही, काहीही? मी म्हणाले, "नाही. कधीच नाही. आम्ही चांगल्या बोलायचो, सांगितलं असतं तर मला आठवलं असतं."

निखिलला वाचवायला म्हणाले का? तसं म्हणता आलं असतं तर बरं होतं. त्यात निदान माया असती. मी हो म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता – मग तुम्ही काय केलंत? त्याचं उत्तर मला त्या बाईला द्यायचं नव्हतं. एवढंच. काचेपलीकडे माझी माणसं लॅपटॉपवर काम करत होती. कुणीतरी मला अंगठा दाखवून विचारलं, ऑल गुड? मी मान हलवली.

पुढे काही झालं नाही. तिच्या शब्दाला आधार मिळाला नाही, एवढंच उडत उडत कानावर आलं. निखिल आता ऑस्ट्रेलियात असतो. आमच्या मंडळातल्या कुणीतरी त्याचं दुसरं लग्न ठरवलंय. पत्रिका फोनवर आली. मुलगी साताऱ्याची आहे, फोटोत मोठ्याने हसते आहे.

ते पाहिल्यापासून मला राहवत नाही. त्याच आठवड्यात ईशा युनिव्हर्सिटीतून सुटीला आली होती. तिच्या हॉस्टेलवर मुलामुलींना बसवून संमतीबद्दल सांगतात. ती पास्ता खात मला समजावत होती, "मम्मा, फ्रीझ होणं म्हणजे येस नाही. गप्प राहणं पण येस नाही. इट्स नॉट दॅट हार्ड!" आणि मग, काही कारण नसताना – "गौरी मामी का येत नाही गं आपल्याकडे? शी वॉज हीप्स ऑफ फन."

मी तिची प्लेट उचलली. सिंकपाशी उभी राहून हिशोब करत राहिले – मला ठाऊक असलेल्या कुठल्या बाईचं 'नको' कशाच्या जोरावर चाललं? पाळीचं चालतं. सुतकाचं चालतं. उपासाचं, नवसाचं, डॉक्टरांनी सांगितलंय याचं चालतं. देवाचं नको चालतं, मेलेल्या चुलत्याचं चालतं. फक्त तिचं स्वतःचं असलं की ते ऐकू जात नाही. म्हणून ती पोर सुतकाची वाट बघत होती. म्हणून एक म्हातारी दिवस वाढवत होती. त्या दोघींनी मिळून एका चटईएवढी जागा तयार केली होती, आणि मी, सुधारलेली, ती गुंडाळून घरी घेऊन आले.

आणि निखिलला ऐकू जात नव्हतं म्हणते मी. मला गेलं होतं? तिने मलाही नको म्हटलं होतं. दोनदा. शनिवारी येऊ नका. मी गेले.

चटई आमच्या गॅरेजमध्ये आहे. कौन्सिलवाले मोठा कचरा न्यायला येतात तेव्हा मी दरवर्षी अर्धं घर रिकामं करते, जुन्या जँडल्स चपलासुद्धा ठेवत नाही. ही मात्र गेलेली नाही. मी ती शेल्फच्या मागे उभी करून ठेवते. अधूनमधून जावं तर ती कोपऱ्यात पसरलेली असते, सरळ, सुरकुती नसलेली. प्लास्टिक आहे, आपोआप उलगडतं, हे मला कळतं. मी दोरी बांधली. दोरी सुटलेली सापडली. मिलिंदला विचारलं नाही. ईशाला विचारलं नाही. तूच टाकलीस का, असं विचारलं आणि त्यांनी नाही म्हटलं तर?

आज शनिवार आहे. संध्याकाळी पाचलाच अंधारून आलं. दोघं घरात होते. मी गॅरेजमध्ये गेले, दिवा न लावता, आणि त्या चटईवर बसले. भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून, ती बसायची तशी.

तिथून फक्त एकच गोष्ट दिसते. दाराखालची उजेडाची फट. बाकी सगळा काळोख. आपण आपोआप त्या फटीकडे बघायला लागतो. बघत राहिलं की कळतं, घरात कोण कुठे आहे. कपाट उघडतं. टीव्हीचा आवाज कमी होतो. पावलं येतात. मग उजेडाच्या पट्टीत मधोमध दोन सावल्या येऊन थांबतात. आणि श्वास – मी सोडायचाच विसरले. माझ्याच घरात, माझ्याच माणसाच्या पावलांपुढे.

"शुभा, आत आहेस का? येऊ?" मिलिंद म्हणाला. दाराला हात न लावता.

मी म्हणाले, नको.

"बरं," तो म्हणाला, आणि सावल्या गेल्या. इतकं साधं असतं ते.

तेव्हापासून इथेच बसून, फोनच्या उजेडात हे लिहिते आहे. त्या पोलीस बाईने फोन ठेवताना म्हटलं होतं – पुढे कधी काही आठवलं, कितीही उशीर झाला तरी, फोन करा. तिचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. माझ्या सगळ्या याद्यांमध्ये – ऑफिसच्या, घरच्या, मंडळाच्या – हे काम मी कधी लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर उरकावं लागलं असतं.

साताऱ्याच्या मुलीचं लग्न अजून व्हायचं आहे. गौरीची तक्रार अजून तिथेच कुठेतरी आहे, माझ्या 'नाही'च्या खाली. फोन माझ्या गुडघ्यावर आहे, नंबर समोर आहे.

फोन अजून केलेला नाही.